लॅब्रॅडॉरने दिलेले पाच स्टार: सांगली-मिरजेत मिळणाऱ्या कुत्र्यांच्या खाऊचा रिव्ह्यू

विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत कुठल्याही पेट शॉपमध्ये उभं राहून ‘कुत्र्याला काहीतरी खाऊ द्या’ म्हटलं, की काउंटरवरून आधी चिकन स्टिकचं पाकीट पुढे येतं. ‘घेऊन जा बिनधास्त, सगळी खातात,’ हे वाक्यही सोबत येतं. सगळी खात नाहीत. ऑनलाइन त्याच पाकिटाला साडेचार स्टार असतात, पण ते बहुतेक वेळा पाकिटाचे नसून ते खाणाऱ्या कुत्र्याचे असतात. लॅब्रॅडॉर मालकाच्या चपलेलाही पाच स्टार देईल. जतकडच्या कारवान हाउंडपुढे, म्हणजे तिथल्या देशी शिकारी कुत्र्यापुढे, तेच पाकीट फोडा. तो एकदा हुंगेल, मान वळवेल आणि सावलीला जाऊन पडेल.

म्हणून इथे दुकानात मिळणारा एकेक प्रकार घेतला आहे आणि तो कोणत्या स्वभावाच्या कुत्र्याला चालतो, कुठे फसतो, हे सांगितलं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. प्रकार एक असला की गुणदोष साधारण सारखेच निघतात, आणि आज फळीवर दिसणारं नाव पुढच्या महिन्यात सांगलीत मिळेलच असं नाही.

सुटी बिस्किटं

मोठ्या बरणीत किंवा उघड्या पोत्यात ठेवलेली, हाडाच्या आकाराची, लाल, हिरवी, काळी, पांढरी. किलोवर मिळतात, सगळ्यात स्वस्त पडतात आणि खपतातही सगळ्यात जास्त. रंग मात्र निव्वळ माणसांसाठी आहे. कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा हेच दोन रंग नीट वेगळे कळतात. लाल आणि हिरवं बिस्किट त्याला जवळपास सारखंच मळकट पिवळं दिसतं. काळ्यात कोळशाची पूड असते, एवढाच काय तो फरक. बाकी सगळ्यांत मुख्य माल गव्हाचं पीठ.

घेताना एक बिस्किट दोन बोटांत मोडून बघा. कट् आवाज होऊन सरळ तुकडा पडला तर माल ताजा. वाकून मग तुटलं तर त्याने ओल धरली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढतं तशी इथल्या हवेतली ओलही चढते, आणि दुकानातल्या बरणीचं झाकण दिवसभर उघडझाप होत असतं. पावसाळ्यात सुटा माल नकोच, बंद पाकीट मागा. मोडलेल्या कडेचा वास घ्या. जुन्या फरसाणाच्या तेलासारखा खवट आला तर परत ठेवा. आत राखाडी-हिरवट ठिपके दिसले तर तेवढीच बिस्किटं निवडून टाकून भागत नाही, अख्खा किलो फेकायचा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कुत्र्याच्या यकृताला माणसापेक्षा लवकर मारतं, आणि ते ठिपक्यापुरतं थांबलेलं नसतं. हाच नियम शेंगदाण्यांना. घरात पोत्याच्या तळाशी राहिलेले, काळपट पडलेले शेंगदाणे ‘टाकण्यापेक्षा कुत्र्याला घालू’ म्हणून घालायचे नाहीत.

आता मापाचं बघू. मोठं हाड-बिस्किट साधारण १० ग्रॅमचं असतं आणि त्यात ३५ ते ४० कॅलरी येतात. दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊच्या कॅलरी १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम आहे. हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं वजन किलोत घ्या, ते तीनदा एकमेकांशी गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७० ने गुणा. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी त्याला पुन्हा १.६ ने गुणा. ५ किलोच्या पॉमेरेनियनचे दिवसाला ३७५ च्या आसपास येतात, म्हणजे खाऊचा वाटा ३७. एक बिस्किट दिलं की त्याचा दिवसाचा कोटा संपला. आजोबांनी एक, नातवाने एक आणि वहिनींनी चहाबरोबर एक असं चालतं तिथे पॉम वर्षभरात उशीसारखा का होतो, ते यातच आलं. ३० किलोच्या लॅबला १४० कॅलरींची मुभा निघते, म्हणजे साडेतीन-चार बिस्किटं.

पॉम आणि डॅशुंड यांची आणखी एक गंमत आहे. बिस्किट तोंडात घेतात, घरभर फिरतात, कुंई-कुंई करतात आणि शेवटी सोफ्याच्या गादीमागे नेऊन नाकाने वर काल्पनिक माती लोटतात. त्यांना खाऊ आवडला नाही असा याचा अर्थ नाही. पोट भरलेलं आहे किंवा तुकडा एका बैठकीत संपणारा नाही, म्हणून ते तो नंतरसाठी ठेवतात. तिसऱ्या दिवशी गादीमागे मुंग्यांची रांग लागते. उपाय सोपा आहे: जेवणानंतर लगेच खाऊ नाही, आणि तुकडा वाटाण्याएवढा. एवढा छोटा तुकडा पुरायला नेत नाहीत, तिथेच गिळतात.

चहाच्या टपरीवरच्या ग्लुकोज बिस्किटाबद्दल फार लिहायला नको. वजनाचा सुमारे पाव भाग साखर असते आणि एका बिस्किटात वीसेक कॅलरी. गावठी कुत्री ते आनंदाने खातात, कारण त्यांना गोड चव कळते (मांजराला कळत नाही, म्हणून मांजर त्याकडे बघतही नाही). रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणार असाल, तर नेमून दिलेल्या जागीच घालावं असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आहे, ते ध्यानात ठेवा. आणि अनोळखी कुत्र्याला हातातून भरवू नका. चार जणांच्या भांडणात झडप घालून खायची सवय असते त्यांना. बोट आणि बिस्किट यात फरक करायला वेळ मिळत नाही. जमिनीवर टाका, आणि प्रत्येकाला वेगळं, लांब लांब.

चिकन स्टिक आणि जर्की

बाजारातला खरा राजा हाच. मऊ, तपकिरी, हाताला किंचित चिकट पट्ट्या. ७० ग्रॅमचं पाकीट शंभर रुपयांना पडलं तर किलोचा भाव चौदाशेच्या वर गेला, हे घेताना लक्षात असू द्या. तरीही शिकवणीसाठी यासारखा सोयीचा माल नाही, कारण तो कापता येतो. स्वयंपाकघरातली कात्री घ्या आणि एका स्टिकचे बारा-पंधरा तुकडे करा. कुत्रं तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं हे मोजतं. अख्खी स्टिक एका ‘बस’ला देणारे लोक आठ दिवसांत पाकीटही संपवतात आणि कुत्र्याचं जेवणही बिघडवतात.

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला शब्द ‘चिकन’ असेल तर ठीक. पहिलं पीठ, दुसरं सोया आणि शेवटून तिसरं ‘चिकन फ्लेवर’ असेल, तर ते वास लावलेलं बिस्किटच आहे. ग्लिसरीन बहुतेक सगळ्यांत सापडेल. मऊपणा त्याच्यामुळे टिकतो आणि थोडा गोडवाही येतो, पण जास्त झालं की शी पातळ होते. नवीन पाकीट फोडल्यावर दुसऱ्या दिवशी शी सैल झाली तर कुत्रं आजारी आहे असं लगेच धरू नका, आधी स्टिक बंद करून बघा.

जर्कीबाबत, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबाबत, मात्र थोडं सावध राहावं. अमेरिकेतल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेकडे २००७ पासून जर्की खाल्लेल्या कुत्र्यांच्या आजारपणाच्या तक्रारी येत गेल्या. त्यांतल्या काहींना फॅन्कोनी सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून साखर आणि क्षार वाहून जाण्याचा आजार होता. बराचसा माल चीनमध्ये बनलेला होता. तुमचं कुत्रं रोज जर्की खातं आणि एकाएकी पाण्याचं भांडं दुप्पट रिकामं करू लागलं, सारखं लघवीला जाऊ लागलं, तर पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. उत्पादनाचा देश पाकिटावर छापलेला असतो, तो दुकानातच वाचा.

पाकीट फोडल्यावर त्याची झिप दाबून ते फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं पाकीट दोन दिवसांत खवट होतं. कुत्र्याने कालपर्यंत खाल्लेला खाऊ आज नाकारला तर ‘नखरे करतोय’ म्हणण्याआधी स्वतः वास घ्या. त्याची जीभ फार तरबेज नाही. माणसाच्या जिभेवर ९००० च्या आसपास रुचिकलिका, कुत्र्याच्या जिभेवर जेमतेम १७००. निवाडा नाक करतं, आणि खवटपणा आपल्या आधी त्याला कळतो.

अधाशी लॅब आणि विचारी कारवान

लॅबच्या हावरटपणाला थोडी वैद्यकीय सवलत द्यायला हवी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा छोटासा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्याच्या साखळीतला हा भाग. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की अशा लॅबना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि बसल्या जागी त्यांची ऊर्जाही कमी खर्च होते. म्हणजे दोन्हीकडून मार. अशा कुत्र्यासाठी ‘आवडतं का’ हा प्रश्नच नसतो, ‘किती’ आणि ‘किती वेगाने’ हेच बघायचं. त्याला महागडी स्टिक हा पैशाचा अपव्यय आहे. सकाळच्या डॉग फूडमधलीच मूठभर दाणे बाजूला काढून दिवसभर खाऊ म्हणून द्या, तो तेवढ्याच भक्तिभावाने बसेल. गाजराच्या चकत्या आणि काकडी हेही त्याला मेजवानी. नेमक्या याच कुत्र्याला लोक सगळ्यात मोठं चघळायचं हाड आणून देतात, त्याकडे पुढे येऊच.

कारवानचं गणित उलटं. जत, आटपाडीकडे आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोट पट्ट्यात हे कुत्रं पिढ्यान्पिढ्या ज्वारी-बाजरीची भाकरी, दूध, ताक आणि कधीमधी अंडं किंवा मटणाचा तुकडा यांवर वाढलं. तिकडे याला मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि तिची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, असा तिचा रुबाब. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळही होता. नजरेने शिकार करणारं हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांवर विसंबतं आणि परक्या हाताला सहसा तोंड लावत नाही. हात पुढे केला की मान बाजूला करतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, एक पाय मागे घेतं. लोक याला ‘माजोरी’ म्हणतात. ते माजोरी नसतं, तुमच्या हाताचा अंदाज घेत असतं.

त्याला खाऊ देताना तोंडापुढे नाचवू नका. बाजूला तोंड करून, गुडघ्याच्या उंचीवर, उघड्या तळव्यावर तुकडा धरा आणि गप्प राहा. नाही घेतला तर जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे या. घेईल तेव्हा नीट बघा: ओठ मागे ओढून फक्त पुढच्या दातांच्या टोकाने उचलतो, पुन्हा जमिनीवर ठेवतो, एकदा चाटतो, इकडेतिकडे बघतो आणि मगच चावतो. हा सगळा सोपस्कार त्याला करू द्या. मध्येच ‘खा, खा’ म्हणून तोंडात कोंबलात तर पुढचे आठ दिवस तुमच्या हातचं काही घेणार नाही. बाजारातल्या स्टिकपेक्षा उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा किंवा खाली दिलेली वाळवलेली कलेजी त्याला जास्त पटते. एक युक्ती हमखास लागू पडते. तुकडा हातात देण्याऐवजी फरशीवर घरंगळत सोडा. हलणारी वस्तू दिसली की त्याच्यातला शिकारी जागा होतो आणि पकडल्यावर तो ती खातोही.

घरी हावरटासारखं खाणारं कुत्रं रस्त्यावर किंवा डॉक्टरांच्या टेबलावर तोच खाऊ थुंकतं, तेव्हा दोष खाऊचा नसतो. घाबरलेलं किंवा ताणात असलेलं शरीर पचनाचं काम बाजूला ठेवतं. जर्मन शेफर्डमध्ये हे फार दिसतं. खाऊ घेतोय की नाही, आणि कसा घेतोय, हा ताणाचा चांगला थर्मामीटर आहे. एरवी हळुवार घेणारं कुत्रं अचानक दात लागेल असं हिसकावून घेऊ लागलं तर तेही तापच दाखवतंय. अशा वेळी आणखी महाग पाकीट शोधण्यापेक्षा दहा-पंधरा पावलं मागे, शांत जागी जा आणि पुन्हा द्या.

घरची कलेजी: या यादीतला सर्वोत्तम खाऊ

दुकानातल्या फ्रीझ-ड्राय लिव्हरला, म्हणजे गोठवून वाळवलेल्या कलेजीला, खरोखर पाच स्टार द्यावेत, पण किंमत बघून हात आखडतो, आणि सांगलीत ती प्रत्येक दुकानात मिळतही नाही. चिकनच्या दुकानातून अर्धा किलो कलेजी आणा. पेठा (कोंबडीचं जठर) मिसळून देतात, तो वेगळा काढायला सांगा. हिरवट डाग असलेला भाग कापून टाका, पित्त फुटलेलं असतं तिथे आणि कडूपणा सगळ्या घाण्याला लागतो. धुऊन, उकळत्या पाण्यात ८ ते १० मिनिटं शिजवा. आतून गुलाबी राहू नये. निथळून, गार झाल्यावर एक सेंटिमीटरचे चौकोन कापा. गरम असताना कापायला गेलात तर पिठासारखा चुरा होतो. ओव्हन १०० अंशांवर, जाळीवर एकेरी थर, दार बोटभर उघडं, दीड ते दोन तास. मध्ये एकदा उलटा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आंचेवर झाकण न ठेवता, पण मग हलण्याची सोय नाही, कडा जळतात. अर्धा किलोचा माल दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमवर येतो. तुकडा बाहेरून चामड्यासारखा आणि दाबल्यावर ओल न सोडणारा झाला की झालं.

मीठ नको, तिखट नको, आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नको. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. हळद सांगलीची असली तरी इथे तिचं काम नाही, वास झाकते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. उन्हात मात्र वाळवू नका. माशा बसतात, आणि आत साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत. उन्हाचं काम रताळ्याला द्या: ५ मिलिमीटरच्या चकत्या, किंचित वाफवून, मार्च ते मेमध्ये जाळीखाली दोन कडक दिवस. पावसाळ्यात तेही नको.

कलेजीला एकच बंधन आहे. जीवनसत्त्व ‘अ’ तिच्यात भरपूर असतं आणि ते शरीरात साठतं. म्हणून ती शिकवणीपुरती, वाटाण्याएवढ्या तुकड्यांत. रोज वाटीभर घातली तर काही महिन्यांनी हाडं-सांधे धरू लागतात.

चघळायच्या वस्तू

कातड्याचं हाड, म्हणजे रॉहाईड: गाठ मारलेलं, पांढरट, स्वस्त. गिळणाऱ्या कुत्र्याला शून्य स्टार, बाकीच्यांना अर्धा. भिजल्यावर ते फुगतं, टोकाची गाठ सुटते आणि लॅब ती न चावता घशाखाली घालतो. आतड्यात अडकली तर सारखी उलटी, शी बंद, पोट ताठ, आणि मग ऑपरेशन. कोणी घरी आणून दिलंच असेल, तर तोंडात पूर्ण मावेल एवढं लहान झालं की काढून घ्या. हिसकावून नाही. कलेजीचा तुकडा समोर धरा, तो हाड सोडेल, तुकडा खाईल, तेवढ्यात उचला. हिसकावत राहिलात तर पुढच्या खेपेला तो हाडावर ताठ उभा राहून गुरगुरेल, आणि तो धडा त्याला तुम्हीच दिलेला असेल.

मटणाची नळी आपल्याकडे सगळ्यात जास्त दिली जाते. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं, आणि गोल नळी खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे अंगठीसारखी अडकते. मग कापूनच काढावी लागते. रस्सा खा, नळी कचऱ्यात टाका.

याक चीज, म्हणजे हिमालयातली छुर्पी: दूध फाडून, दाबून, वाळवून केलेली, दगडासारखी. महाग पण टिकाऊ, वास कमी, गादीवर डाग नाही, आणि पुरून ठेवणाऱ्या कुत्र्याने पुरली तरी लवकर खराब होत नाही. कसोटी अशी: अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटत नसेल तर ती जोरदार चावणाऱ्या कुत्र्यासाठी जास्तच कडक आहे. वरच्या बाजूची मोठी दाढ पट्टीसारखी फुटते आणि मुळाला पू धरेपर्यंत कळत नाही. शांतपणे कुरतडणाऱ्या बीगलसारख्याला उत्तम. शेवटचं बोटभर उरलं की गिळण्याची भीती असते. ते दोन मिनिटं पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये ३० ते ६० सेकंद फिरवा. लाहीसारखं फुगतं. पूर्ण गार करून द्या, आत वाफ असते.

डेंटल स्टिक घेणार असाल तर पाकिटावर व्हीओएचसीचा, म्हणजे प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं पारखणाऱ्या पशुवैद्यक संस्थेचा, शिक्का आहे का बघा. नसेल तर ते हिरव्या रंगाचं बिस्किटच. गिळून टाकणाऱ्या कुत्र्याला शिक्कावालीही उपयोगाची नाही, दाताला लागतच नाही ती.

बेदाणे: शून्याच्याही खाली

हे दुकानात मिळत नाही, पण या जिल्ह्यात दुकानाची गरजच काय. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्षं आणि बेदाणे घरोघरी असतात. द्राक्ष, बेदाणा, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. किती खाल्ले तर, याला भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं चार-पाच दाण्यांत कोसळतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही भरपूर असतं, त्यामुळे चिंचही बाद. बेदाणा शेडवर राखणीला असलेली कुत्री, रवा लाडवावर टोचलेला दाणा, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा: धोका इथून येतो, आणि ‘प्रसाद आहे, थोडा दे’ हा आग्रह मोडणं अवघड असतं. खाल्लं असं कळल्यावर दोन तासांच्या आत दवाखान्यात पोचलात तर डॉक्टर उलटी करवून बरंच बाहेर काढू शकतात. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्याने वेगळंच संकट येतं. उलटीची वाट बघत बसलात तर ती दिवसभरात येते आणि एक-दोन दिवसांत लघवी आटते.

भडंगात लसूण-तिखट आहे. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात निव्वळ साखर-खवा, चॉकलेटात थिओब्रोमाइन, जे कुत्र्याला विषारी. सगळं नको. ‘शुगर-फ्री’ च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, त्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर घसरते.

घेण्याआधी चाचणी

तीन प्रकारांचे सारख्या मापाचे तुकडे घ्या. जेवणानंतर तीन तासांनी, घरात गडबड नसताना, एकमेकांपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवा आणि कुत्र्याला सोडा. पहिला कुठला उचलला, कुठला हुंगून टाकला, कुठला उचलून दुसरीकडे नेला, लिहून ठेवा. तीन दिवस जागा बदलून पुन्हा करा, नाहीतर काही कुत्री दर वेळी डावीकडचाच उचलतात आणि तुम्ही चुकीच्या पाकिटाला पहिला नंबर देऊन बसता. पहिला आलेला खाऊ रस्त्यासाठी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवा, तिसरा घरातल्या ‘बस’ला पुरतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंदावलेलं असतं. त्याला द्यायचा तुकडा कोमट तव्यावर दहा सेकंद ठेवा, वास सुटतो आणि ‘खातच नाही’ म्हटलेलं कुत्रं उठून येतं.

दुकानदार फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण बऱ्याच ठिकाणी काउंटरमागे एक फोडलेलं पाकीट असतं. त्यातली एक स्टिक मागून घ्या, देतात. फक्त कुत्र्याला तिथेच खायला लावून निकाल काढू नका. अनोळखी वास, पिंजऱ्यातले पोपट, मागच्या खोलीतलं भुंकणारं पिल्लू, या सगळ्यात कारवान तर सोडाच, लॅबही कधी कधी तोंड फिरवतो. स्टिक कागदात गुंडाळून घरी न्या.